पडदा, पाळणा आणि घरपट्टी

बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारे पाणी म्हणून आम्हाला ठाऊक आहे ते लोणारचे सरोवर आणि त्याच्या काठी नवरात्रात भरणारी कमळजादेवीची यात्रा. तेव्हा समुद्रकिनाऱ्यावरचे एखादे पिढीजात करमणूक उद्यान वाढत्या घरपट्टीखाली दबून जाते की तगून राहते, या प्रश्नाशी घाटावरच्या किंवा घाटाखालच्या वाचकाला काय कर्तव्य, असे कोणी विचारल्यास ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु थोडा विचार केल्यास असे दिसून येईल की, हा प्रश्न मुळात समुद्राचा नाही, जागेचा आहे. एखाद्या कुटुंबाने दोन-तीन पिढ्या लोकांच्या करमणुकीसाठी राखलेली जागा, तिच्याभोवती वाढत गेलेले शहर, त्यामुळे चढलेला जमिनीचा भाव आणि त्या भावाच्या पाठोपाठ येणारी कराची मागणी, ही साखळी किनाऱ्यावर आढळते तशीच ती देशावरच्या बाजारपेठेतही आढळते. आपल्याकडे त्या जागेला उद्यान म्हणत नाहीत, चित्रपटगृह म्हणतात, एवढाच काय तो फरक.

किनाऱ्यावरचे उदाहरण आधी पाहू. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर जॉर्ज टिल्यू या कल्पक गृहस्थाने 1897 मध्ये स्टीपलचेस पार्क उभारले. 1907 मध्ये ते आगीत भस्मसात झाले, तेव्हा धुमसते अवशेष पाहण्यासाठीसुद्धा त्याने दहा सेंटांचे तिकीट लावले आणि पार्क नव्याने बांधले. 1914 मध्ये तो वारला. पुढे त्याच्या कुटुंबाने अर्धे शतक हा व्यवसाय सांभाळला आणि 1964 च्या हंगामानंतर दरवाजे कायमचे बंद केले. दुसऱ्याच वर्षी जागा एका बांधकाम व्यावसायिकाच्या हाती गेली, 1966 मध्ये ती वास्तू पाडण्यात आली. पण तेथे उंच इमारती बांधण्याची परवानगी काही मिळाली नाही. 1969 मध्ये ती जमीन शहराला घ्यावी लागली आणि त्यानंतरही बराच काळ तिचा धड उपयोग झाला नाही. केवळ कराच्या बोजामुळे हे घडले असे म्हणणे सत्याला सोडून होईल. घटता गल्ला आणि बदललेली वस्ती ही कारणेही त्यात होती. परंतु यातून एक धडा मात्र स्पष्ट मिळतो. चालत्या करमणुकीपेक्षा मोकळी जमीन अधिक मोलाची ठरली की करमणूक जाते. आणि ती गेल्यावर जमिनीचे सोने होईलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. याउलट इंग्लंडमधील ब्लॅकपूलचे प्लेझर बीच 1896 पासून आजतागायत एकाच घराण्याकडे आहे. म्हणजे अशा संस्था मुळातच मरणाऱ्या असतात, असेही नाही.

आपल्याकडचे पडदे

आपल्या राज्यात पिढीजात करमणुकीचा मुख्य अवतार म्हणजे एकपडदा चित्रपटगृह. पुण्यात मंडईलगत 1915 मध्ये सुरू झालेले आर्यन 1983 मध्ये बंद पडले. आज तेथे वाहनतळ आहे. तेथलेच प्रभात 1934 पासून दामले कुटुंबीयांनी भाडेपट्ट्याने चालविले आणि 2014 च्या अखेरीस ते मूळ मालक किबे कुटुंबाकडे परत गेले. मुंबईत हबीब हुसेन यांनी 1949 मध्ये उघडलेले लिबर्टी हे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील उमेदीचे जणू दगडी स्मारकच आहे. ही झाली मोठ्या शहरांची नावे. परंतु चित्रपटगृहाचे खरे सामाजिक महत्त्व मोठ्या शहरात नव्हते, ते तालुक्याच्या गावी होते. बाजाराच्या दिवशी कापूस, ज्वारी घेऊन आलेला शेतकरी विक्रीनंतर तेथे जाई. लग्नाचा बस्ता बांधावयास आलेल्या मंडळींची पायधूळ तेथे झडे. आणि ज्या काळात स्त्रियांना देवळाव्यतिरिक्त चार घटका बसावयास सार्वजनिक जागा नव्हती, त्या काळात तिसऱ्या प्रहरचा खेळ त्यांच्यासाठी एक प्रकारची मुक्तीच होता. गावात नव्याने आलेल्याला पत्ता सांगताना ‘टॉकीजच्या पुढे’ किंवा ‘टॉकीजच्या मागे’ असेच सांगत. टॉकीज बंद होऊन कैक वर्षे लोटली तरी पत्ता तोच राहतो, हा अनुभव अनेक गावांचा आहे.

करमणुकीचा दुसरा अवतार फिरता. सैलानीची यात्रा, देऊळगावराजाच्या बालाजीचा उत्सव, गावोगावचे उरूस येथे आकाशपाळणे येतात, एके काळी तंबूतले चित्रपटही येत. महाराष्ट्रातील या फिरत्या चित्रपटगृहांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला माहितीपट 2016 मध्ये कान महोत्सवात दाखविला गेला, यावरून त्यांची जगाने घेतलेली दखल ध्यानात यावी. पाळणेवाला जागेचे भाडे भरतो, तात्पुरती वीजजोडणी घेतो आणि दर परवडला नाही तर पुढल्या यात्रेला निघून जातो. चित्रपटगृहाला पाय नाहीत. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर जे हलू शकत नाही त्यावर कर बसविणे सर्वांत सोपे असते. मालमत्ता कराचे बलस्थान हेच आणि त्याचा धोकाही हाच.

करमणूक कर आणि घरपट्टी

चित्रपटगृहाला कर नवा नाही. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम 1923 चा. त्याखालचे शुल्क राज्याच्या तिजोरीत भर घालीत राहिले, ते थेट 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होईपर्यंत. स्थानिक संस्थाही मागे नव्हत्या. पुणे छावणी मंडळाने दर खेळामागे कर बसविताना मोठ्या चित्रपटगृहांना दहा रुपये आणि लहानांना पाच रुपये आकारले, तेव्हा वेस्टर्न इंडिया थिएटर्स या कंपनीने त्याला आव्हान दिले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्ये तो भेद वाजवी ठरविला. ज्याची ऐपत अधिक त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व त्यात होते आणि त्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही.

तिकिटावरच्या कराचा एक गुण असा की तो प्रेक्षकाबरोबर येतो आणि प्रेक्षकाबरोबरच जातो. खेळ रिकामा गेला तर कर शून्य. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत तर सरकारने वेळोवेळी माघारही घेतली आहे. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील दर 2019 च्या आरंभी 18 वरून 12 टक्क्यांवर आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांवर आला. करमणूक उद्यानांवरील दर 2018 मध्ये 28 वरून 18 टक्के करण्यात आला. घरपट्टीचा स्वभाव याच्या अगदी उलट. खुर्च्या भरल्या काय नि रिकाम्या राहिल्या काय, ती ठरलेलीच. थकली की नगर परिषदांच्या कायद्यानुसार दरमहा दोन टक्क्यांची शास्ती, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. एका हाताने तिकिटावरचा कर उतरवावयाचा आणि दुसऱ्या हाताने इमारतीवरचा चढवावयाचा, यात दोन्ही हात शासनसंस्थेचेच असले तरी एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

घरपट्टी ठरते कशी? महाराष्ट्र नगर परिषदा, नगर पंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम 1965 चा. त्यातील मूळ पद्धत अशी की, इमारत भाड्याने दिली असता वर्षाला वाजवीपणे किती भाडे येईल ते ठरवावयाचे, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करावयाचे आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर ठराविक टक्के कर घ्यावयाचा. याची फेरतपासणी चार वर्षांतून एकदा करणे अपेक्षित असते. त्याशिवाय 1962 च्या कायद्याखालील शिक्षण कर आणि बिगरनिवासी इमारतींवरील रोजगार हमी कर घरपट्टीबरोबरच वसूल होतात. ग्रामपंचायतींच्या घरपट्टीला तर 2015 च्या अखेरीस केलेल्या नियमांनी भांडवली मूल्याचा आधार दिला, म्हणजे रेडी रेकनरमधील भाव चढला की आकारणीचा पायाही चढला.

एक काल्पनिक हिशेब

प्रत्यक्षात काय घडते हे समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. यातील आकडे कोणत्याही विशिष्ट चित्रपटगृहाचे नाहीत. परंतु गणिताची तऱ्हा त्यावरून कळेल. समजा, तालुक्याच्या गावी सहाशे खुर्च्यांचे एक चित्रपटगृह आहे. दिवसाला चार खेळ, सरासरी दहा टक्के खुर्च्या भरतात. म्हणजे रोज 240 तिकिटे. वर्षाचे 300 दिवस धरल्यास 72 हजार तिकिटे झाली. ऐंशी रुपयांच्या तिकिटातून कर आणि वितरकाचा वाटा जाऊन मालकाच्या हाती 38 रुपये उरतात असे धरू. वर्षाचे उत्पन्न 27 लाख 36 हजार. दहा नोकरांचे पगार, वीज, प्रक्षेपणयंत्रणेचा खर्च आणि दुरुस्ती मिळून 23 लाख जातात. उरतात 4 लाख 36 हजार.

आता घरपट्टी. इमारतीचे क्षेत्र आठ हजार चौरस फूट आणि दर चौरस फुटाला महिना दहा रुपये भाडे धरले, तर वार्षिक भाडे 9 लाख 60 हजार. दहा टक्के वजा जाता 8 लाख 64 हजार. त्यावर 25 टक्के कर म्हणजे 2 लाख 16 हजार. मालकाला वर्षाकाठी 2 लाख 20 हजार सुटतात. फारसे नव्हेत, पण दिवा लागतो. पुढे फेरआकारणी होते. समोरच्या रस्त्यावर दुकानांचे भाडे पंचवीस रुपये झाले आहे, तेव्हा हाच दर या इमारतीला लावला जातो. वार्षिक भाडे 24 लाख, करयोग्य मूल्य 21 लाख 60 हजार आणि कर 5 लाख 40 हजार. जेथे 2 लाख 20 हजार सुटत होते, तेथे आता 1 लाख 4 हजारांचा तोटा येतो. वाढीव 3 लाख 24 हजार रुपये भरून काढावयाचे तर वर्षाला साडेआठ हजार तिकिटे अधिक खपली पाहिजेत. म्हणजे रोज आणखी अठ्ठावीस माणसे आली पाहिजेत. घरोघरी मोबाइलवर चित्रपट दिसत असताना ती यावयाची कोठून?

येथे कोणीही लबाडी केलेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. मालकाने कर चुकविला नाही आणि नगर परिषदेने दर मनाने वाढविला नाही. चूक आहे ती ‘वाजवी भाडे’ या शब्दांच्या अर्थात. इमारत वाजवीपणे किती भाड्याने जाईल, याचा अर्थ ती आज जशी आहे तशी किती भाड्याने जाईल, असाच घेतला पाहिजे. उतरती जमीन, उंच छत, खिडक्या नसलेल्या भिंती आणि सहाशे खुर्च्या असलेल्या सभागृहात कापडाचे दुकान निघत नाही. ते भाड्याने घेणारा माणूस चित्रपट दाखविण्यासाठीच घेईल. आणि ज्या धंद्यात खर्च वजा जाता 4 लाख 36 हजारच उरतात, त्या धंद्यासाठी कोणताही शहाणा भाडेकरू 24 लाख तर सोडाच, 9 लाख 60 हजारही देणार नाही. स्वतःच्या कष्टाचे काही ठेवून तो फार तर 3 लाख देईल. भाडे हे उत्पन्नातून जन्माला येते, शेजारच्या भावातून नव्हे. रिकार्डोपासून विद्यार्थ्यांना शिकविले जाणारे हे तत्त्व आकारणीच्या तक्त्यात मात्र हरवून जाते.

नगर परिषदेचीही बाजू आहे

तथापि नगर परिषदेला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणारा नाही. तिची बाजू तितक्याच निःपक्षपातीपणे मांडली पाहिजे. नगर परिषदांच्या हद्दीतील जकात 1999 मध्ये रद्द झाली. जकातीचे गुणदोष काहीही असोत, ते उत्पन्न गावाचे स्वतःचे होते. त्यानंतर नगर परिषदांची भिस्त राज्याच्या अनुदानावर राहिली आणि अनुदान म्हटले की वरच्याच्या मर्जीचा प्रश्न आलाच. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नागरी संस्थांकडे जबाबदाऱ्यांची लांबलचक यादी सोपविली. पण यादीबरोबर थैली दिली नाही. स्वतःचे म्हणावे असे मोठे साधन उरले ते घरपट्टीचे. पंधराव्या वित्त आयोगाने तर 2021 ते 2026 या काळातील नागरी संस्थांच्या अनुदानासाठी अशी अट घातली की, राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या प्रमाणात वाढवावी. ही अट तत्त्वतः योग्यच होती. आपल्या देशात मालमत्ता कराचे उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्याही बरेच खाली आहे. ज्या गावाला आठवड्यातून एकदा नळाचे पाणी मिळते, त्या गावाने कर वाढवू नये असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे होईल.

दुसराही आक्षेप आहे आणि तो अधिक वजनाचा आहे. चित्रपटगृहाच्या मालकाला सूट दिली की तिचा भार कोणावर पडणार? पत्र्याच्या टपरीत चहा विकणाऱ्यावर, दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या शिक्षकावर. मालकाची जमीन मोक्याची आहे; आज सूट घेऊन उद्या त्याने ती कोट्यवधींना विकली, तर करदात्यांनी त्याच्या सट्ट्याला पैसा पुरविला असे होईल. शिवाय चित्रपटगृह पाडून तेथे व्यापारी संकुल झाले, तर नगर परिषदेला अधिक कर मिळेल. मग तिने जुन्या पडद्याचा सोस का धरावा?

या शेवटच्या युक्तिवादामागे अर्थशास्त्रातील एक थोर नाव उभे आहे. हेन्री जॉर्जने 1879 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की, जमिनीचे मोल समाजाच्या वाढीने चढते, मालकाच्या कर्तृत्वाने नव्हे. म्हणून त्या मोलावरच कर बसवावा. असा कर चुकविता येत नाही आणि जमीन पडीक ठेवण्याची खोडही त्याने मोडते. प्रस्तुत लेखकाला हा विचार पुष्कळ अंशी मान्य आहे. परंतु जॉर्जचा रोख होता तो भाववाढीची वाट पाहत जमीन अडवून बसणाऱ्यावर. आपल्या गावांतून दिसते ते नेमके उलटे. गावाच्या मध्यभागी काटेरी झुडपे वाढलेला मोकळा भूखंड नाममात्र कर भरून वर्षानुवर्षे भाव चढण्याची वाट पाहत राहतो आणि ज्याने तेवढ्याच जागेवर इमारत उभी करून दहा जणांना काम दिले, त्याच्याकडे लाखांची मागणी जाते. जॉर्जचे नाव घ्यावयाचे तर आधी त्या भूखंडाच्या दारी गेले पाहिजे.

न्यायालयाने काय सांगितले

न्यायालयांनी या बाबतीत जी दिशा दाखविली आहे ती मननीय आहे. मुंबई महापालिकेने 1 एप्रिल 2010 पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर आकारण्याची पद्धत स्वीकारली. ती करताना जे नियम केले त्यांत जमिनीवर आज काय उभे आहे एवढेच न पाहता पुढे किती बांधकाम होऊ शकेल, तेही मूल्यात धरण्याची सोय होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये हे नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये तो निर्णय कायम ठेवला. भांडवली मूल्यावर कर घेण्यास हरकत नाही. परंतु ते मूल्य मालमत्तेच्या आजच्या स्थितीचे असले पाहिजे, उद्याच्या शक्यतेचे नव्हे, असा त्याचा मथितार्थ. उद्याच्या पिकावर आजच सारा घेऊ नये, हे शेतकऱ्याच्या जिल्ह्यात तरी फोड करून सांगण्याची गरज नसावी.

चित्रपटगृहाच्या बाबतीत तर या तत्त्वाला आणखी एक धार आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांनी जुने चित्रपटगृह पाडून नवे बांधकाम करणाऱ्यावर अशी अट घातली की, जुन्या आसनसंख्येच्या एक तृतीयांश आसनांचे प्रेक्षागृह तेथे राखले पाहिजे. हेतू चांगला होता. परंतु ज्या जागेचा वापर मालकाला मुक्तपणे बदलता येत नाही, त्या जागेचे मोल मात्र मुक्त बाजारातल्या भावाने ठरवावयाचे, ही विसंगती कोणत्याही तर्काने समर्थनीय ठरत नाही. समाजाला ती जागा करमणुकीसाठी राखलेली हवी असेल, तर समाजाने तिचे मोलही करमणुकीच्या जागेचे म्हणूनच करावे.

करमणुकीचे मोल काय, असा उपहासाचा सूर येथे निघण्याचा संभव आहे. दुष्काळ, आत्महत्या, बेकारी यांनी गांजलेल्या विदर्भात चित्रपटगृहांची कसली चिंता, असे विचारले जाईल. पण घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपविलेल्या विषयांत उद्याने व क्रीडांगणे आहेत, तसाच सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक अंगांचा विकासही आहे. बहुतेक गावांत नाट्यगृह नाही. असले तर ते उद्घाटनानंतर नादुरुस्त असते. बागेचे फाटक गंजलेले असते. म्हणजे जे काम नगर परिषदेने स्वतः करावयाचे, ते एक कुटुंब पदराला खार लावून करीत असताना त्याच्याच दारावर जप्तीची नोटीस लावावयाची, हा न्याय अजब आहे. चार माणसांनी एकत्र बसून हसण्याची आणि रडण्याची जागा गावात उरली नाही, तर त्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात दिसणार नाही. ती वेगळ्या रीतीने मोजावी लागेल.

काय करता येईल

उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय मूल्यमापनाचा. इंग्लंडमध्ये पबसारख्या व्यवसायांचे करमूल्य ठरविताना त्या जागेत वाजवीपणे होऊ शकणाऱ्या उलाढालीचा आधार घेतला जातो आणि तेथे आता दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकन होते. आपल्याकडेही चित्रपटगृहे, नाट्यगृहे आणि कायमस्वरूपी करमणूक उद्याने यांच्यासाठी हीच रीत ठेवावी. तिकीटविक्रीचा हिशेब वस्तू व सेवा कराच्या विवरणात आलेलाच असतो. त्यासाठी नव्या निरीक्षकाची गरज नाही. अर्थात रस्ता, पाणी, दिवाबत्ती या सेवांचा मोबदला म्हणून एक किमान कर प्रत्येकाने दिलाच पाहिजे. वरच्या काल्पनिक हिशेबात 3 लाख भाडे धरले तर दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य 2 लाख 70 हजार आणि कर 67 हजार 500 येतो. तो नगर परिषदेला फारच अपुरा वाटत असेल, तर किमान कराची रेषा याहून वर आखावी. पण ती दुकानांच्या भाड्यावरून आखू नये.

दुसरा उपाय सट्ट्याच्या आक्षेपाला उत्तर देणारा आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्याने 1956 मध्ये असा कायदा केला की, शहराच्या वेशीवरील शेतजमिनीवर ती शेती म्हणून जे मोल धरते त्यावरच कर घ्यावा. पुढे अनेक राज्यांनी त्याला जोड दिली ती अशी की, मालकाने जमिनीचा वापर बदलला तर मागील काही वर्षांची सूट त्याच्याकडून परत वसूल करावी. हीच अट येथे लावावी. करमणुकीची जागा म्हणून जी सूट मिळेल ती दरवर्षी आकारणीच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. जागा विकली किंवा वापर बदलला की मागील दहा वर्षांची सूट व्याजासह नगर परिषदेला द्यावी लागेल, असा बोजा मालमत्तेवर चढवावा. जो मालक खरोखर पडदा चालवू इच्छितो त्याला या अटीचा जाच नाही. जो भावाची वाट पाहत आहे त्याला सूट घेण्याचा मोह होणार नाही. चहावाल्याचा पैसा गावातच राहील.

तिसरी गोष्ट, फेरआकारणीची वाढ एका वर्षात अडीचपट होऊ नये. कॅलिफोर्नियातील मतदारांनी 1978 मध्ये संतापून मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर आणि मूल्यातील वार्षिक वाढ दोन टक्क्यांवर बांधून टाकली; त्याचा परिणाम असा झाला की, शेजारी शेजारी असलेल्या दोन सारख्या घरांचे कर कमालीचे भिन्न झाले. कर वेळच्या वेळी थोडाथोडा न वाढविता एकदम वाढविला की लोक असे टोकाचे उत्तर देतात. आपल्याकडे चार वर्षांची फेरआकारणी निवडणुकीच्या भयाने लांबणीवर टाकावयाची आणि मग साऱ्या वर्षांची कसर एका नोटिशीत भरून काढावयाची, ही रीत दोन्ही पक्षांना घातक आहे. वाढ ठरली तरी ती चार समान हप्त्यांत लागू करावी.

चौथी गोष्ट सवलतीच्या मोबदल्याची. जी संस्था सार्वजनिक म्हणून सूट मागते तिने थोडे सार्वजनिक व्हावे. महिन्यातून एक सकाळ शाळेच्या मुलांसाठी, वर्षातून काही दिवस गावच्या नाट्यमंडळींसाठी सभागृह नाममात्र दराने द्यावे, स्वच्छतागृहे नीट ठेवावीत, म्हाताऱ्या माणसांना चढता येईल अशी व्यवस्था करावी. मालकांनी हे लक्षात ठेवावे की प्रेक्षक सर्वस्वी मोबाइलमुळे दुरावलेला नाही. मोडक्या खुर्च्या आणि तुंबलेली मोरी यांनीही त्याला घरी बसविले आहे.

आणि शेवटी, राज्य शासनाने सवलत जाहीर करून तिचा भार नगर परिषदेवर ढकलू नये. मुंबईत 2022 पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. मुंबई महापालिका धनवान म्हणून तिला ते सोसले. मेहकर किंवा जळगाव जामोद येथील नगर परिषदेला असा दानशूरपणा झेपणारा नाही. सूट राज्याची असेल तर तिची भरपाईही राज्याने केली पाहिजे.

फेरआकारणीची यादी प्रसिद्ध झाली की हरकती घेण्याची मुदत असते. बहुतेक नागरिक ती हातची जाऊ देतात आणि मग बिल आल्यावर कपाळाला हात लावतात. अपील करावयाचे तर आधी रक्कम भरावी लागते. चित्रपटगृहांच्या मालकांनी आपली हिशेबाची वही घेऊन त्या मुदतीत हजर राहावे, नगरसेवकांनी ती वही उघडून पाहावी आणि आकारणी अधिकाऱ्याने एकच प्रश्न स्वतःला विचारावा: ही इमारत आज जे काम करते, त्या कामासाठी ती कोणी किती भाड्याने घेईल? कायद्याने त्याला विचारलेला प्रश्न तेवढाच आहे. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले गेले, तर नगर परिषदेला मिळणारा कर कदाचित थोडा घटेल. परंतु तो दरवर्षी मिळत राहील. दुकानांच्या भावाने लावलेली घरपट्टी एकदा-दोनदा कागदावर वाढलेली दिसेल, नंतर थकबाकीच्या रकान्यात जाईल आणि अखेरीस कुलूप लावलेल्या दारावर चिकटविलेल्या नोटिशीत शिल्लक राहील.